गोधडीतली ट्राम

माझ्या धाकट्या बहिणीने डोंगर पाहिलेला नाही. ट्रामही पाहिलेली नाही. मी राजूरहून परत आल्यापासून ती माझ्यामागे लागली आहे, "अक्का, सांग ना." सांगायला बसले की घरातली सगळी माणसं भोवती जमतात आणि मी अर्ध्यावरच उठते. म्हणून लिहून काढते आहे. तिने दुपारी एकटीने वाचावं आणि पेटीत ठेवून द्यावं.

लग्न होऊन दुसरी दिवाळी आली तरी मी कोपरगावातच, माहेरी आबांच्या घरी होते. हे मुंबईत ट्रामच्या तारेवर काम करतात. रस्त्याच्या वरून तांब्याची उघडी तार जाते, तिच्यातून ट्रामला वीज मिळते. ती तार ओढायची, सैल पडली तर ताणायची, तुटली तर जोडायची, हे ह्यांचं काम. लग्नानंतर मी पहिल्यांदा राजूरला सासरी गेले तेव्हा आषाढ होता आणि धुक्यात समोरचं घरही दिसत नव्हतं. त्याच आठवड्यात मुंबईहून आलेल्या एका गाववाल्याने बातमी आणली, की ह्यांच्या जोडीने काम करणारा एक गडी तारेला चिकटून गेला. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, चुलीपुढून उठल्या आणि म्हणाल्या, "किसना, ती तारंची नोकरी सोड, मग संसार मांड. ही पोर मी तिकडं कुकू पुसायला धाडणार न्हाई."

हे तान्हे असतानाच माझे सासरे हिरड्याच्या झाडावरून पडून गेले. आत्याबाईंनी एकटीने शेत कसून ह्यांना वाढवलं. त्यांचा शब्द मोडायचा नाही असं ह्यांच्या मनात पक्कं. नोकरीवरही जीव. मग हे मुंबईला गेले आणि मी माहेरी आले. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "काय गं सरू, नांदवत न्हाईत व्हय तुला?" मी घागर उचलून चालू लागायची.

कोपरगाव

यंदा दिवाळीला हे आले ते मुंबईच्या जुन्या बाजारातून एका मोडक्या विलायती खेळण्यातली, विजेवर फिरणारी मोटार घेऊन. सुपारीपेक्षा थोडी मोठी. म्हणाले, "आईला तोंडाने सांगून पटत नाही. तिला दाखवायचं. मुंबई तिकडे नेता येत नाही, पण एक गल्ली नेता येईल."

आमचे आबा साखर कारखान्यात फिटर आहेत. त्यांची हत्यारं घेऊन दोघेही ओसरीवर बसले. पहिली गल्ली सागाच्या जाड फळीवर झाली. रूळ बसले, खांब उभे राहिले, फारच देखणं काम. मग दोघांनी ती उचलून पाहिली. आबा धापा टाकत म्हणाले, "जावईबापू, ही ट्राम न्यायला दुसरी ट्राम लागंल." राजूरपासून आत्याबाईंच्या वस्तीपर्यंत चढ पायी चढायचा असतो, तेव्हा ते खरंच होतं.

सगळं मोडलं. पुन्हा करताना ह्यांचं एकच म्हणणं, वजन उतरवा. चहाच्या खोक्यांची पातळ फळी घेतली आणि तिचे तीन तुकडे केले, एकमेकांना खुंटीने जोडायचे. सायकलच्या चाकातल्या तारांचे खांब केले, भोकात उभे करायचे आणि काढून घ्यायचे. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून रूळ केले. ट्राम काडेपेटीच्या लाकडाची आणि पुठ्ठ्याची, वर-खाली दोन मजले, खिडक्यांना रंग. ट्रामच्या टपावर एक दांडी असते, ती खालून तारेला टेकून वीज घेते. ती छत्रीच्या काडीची केली. पण दांडीच्या टोकाला काय लावावं ते सुचेना. तार टोकावरून सारखी निसटायची. मी आतून पोलक्याचा एक पितळी हूक आणून दिला. त्याची खाच वर केली तर तार तिच्यात नेमकी बसली. ह्यांनी तो हूक उन्हात धरून इतक्या कौतुकाने पाहिला, की मला तिथून उठावं लागलं.

तार ताणली की पातळ फळी वाकायची, सैल सोडली की दांडी सुटायची. दोन दिवस त्यात गेले. येवल्याच्या मावशीच्या विणायच्या मागावर मी दोऱ्याला वजन टांगलेलं पाहिलं होतं. तसंच मी तारेचं टोक शेवटच्या खांबावरून खाली सोडलं आणि त्याला लिंबाएवढा दगड बांधला. तार ताठ राहिली, फळी सरळ राहिली. हे म्हणाले, "आमच्याकडेही असं वजन टांगतात. तुला कोणी सांगितलं?" मी मावशीचं नाव सांगितलं.

वीज कशी चालते ते ह्यांनी मला बोटाने दाखवलं. बॅटरीच्या सेलमधून वर तारेत, तारेतून दांडीने ट्रामच्या पोटात, पोटातून चाकांनी रुळांत, रुळांतून परत सेलमध्ये. "परत जायला वाट नसली की ती जागची हलत नाही." तार दुरुस्त करायला ज्यावर चढतात, तो एक माळाही केला. चार चाकांवर उंच लाकडी माच आणि त्यावर बोटाएवढा लाकडी माणूस, हात वर केलेला. "हा मी," हे म्हणाले. "कोरड्या लाकडावर उभा असलो की तारेला हात लावला तरी काही होत नाही, कारण विजेला परत जायला वाट नाही. लाकूड ओलं असलं तर मात्र वाट होते. ओल्या माळ्यावर चढायचं नाही. पण घाई असली की माणसं चढतात. तो गडी तसाच गेला." एवढं सांगून हे पुन्हा कानस चालवू लागले.

सगळं बसेल अशी खिसे-खिसे असलेली गोधडी मी शिवली. खांबांचा खिसा, ट्रामचा खिसा, मधे फळ्या. गुंडाळून दोरी बांधली की एका काखेत मावेल.

संगमनेर

लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून आमच्या मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली होती. तिचा धूर मागच्या बाकावर, आणि बायकांना मागचाच बाक. क्लीनरने आमची लांबट गोधडी पाहून विचारलं, "पाव्हणं, तिरडी हाय का काय?" सगळी मोटार हसली. त्याने ती टपावर चढवायला जोर लावून उचलली, आणि ती इतकी हलकी निघाली की त्याच्या हातून वर उडाली. क्लीनर म्हणाला, "मयत लई वाळलेलं दिसतंय." ह्यांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि सगळा रस्ता मांडीवर धरून बसले.

कोपरगावच्या बाजूला कालव्याचं पाणी आणि डोक्यावर जाईल एवढा ऊस. तळेगाव सोडलं तसा ऊस मागे पडला, बाजरीची कापलेली रानं लागली, मग नुसता माळ. संगमनेरला प्रवरेच्या काठी उतरून हातपाय धुतले तेव्हा पहिल्यांदा डोंगर दिसले, लांब, निळसर.

मोटारतळावर एका हवालदाराने आम्हाला अडवलं. त्या दिवसांत सरकारी तारा तोडण्याची प्रकरणं गाजत होती, आणि आमच्या गोधडीतून तांब्याची तार बाहेर आली होती.

"काय हाय ह्याच्यात?"

"ट्राम आहे," हे म्हणाले.

"आन माझ्या खिशात आगबोट हाय. उघडा."

चौकीच्या ओट्यावर गोधडी उघडली. तार, खांब आणि सेल पाहून हवालदाराचं तोंड आणखी गंभीर झालं. हे म्हणाले, "आईला दाखवायला नेतो आहे. जोडून दाखवतो." मी पदर पुढे ओढून कोपऱ्यात उभी राहिले. पण खांब कोणत्या भोकात जातात ते मला जास्त पाठ होतं, म्हणून मलाच पुढे यावं लागलं. तार चढवली, दगड टांगला, दांडी वर केली. ट्राम घुर्र करून निघाली ती ओट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

हवालदार वाकला. मग त्याने टोपी काढून ठेवली. "आयला! पुन्यांदा!" पुन्हा झालं. त्याने आतल्या शिपायाला हाक मारली, चहावाल्याला हाक मारली. त्याच्या मनात एक शंका आली, ट्राम मागे येते का. हे म्हणाले येते. दांडी फिरवून, सेलच्या तारा उलट्या जोडून ती मागे आणली. मग हवालदाराने ती स्वतः चालवली, मग शिपायाने, मग चहावाल्याने. आमच्याकडून कोणी चहाचे पैसे घेतले नाहीत. मला हसू येत होतं, पण ह्यांचा चेहरा उतरत चालला होता. माझ्या कानाशी म्हणाले, "सेल संपतील. लढाई चालू आहे, नवे मिळणार नाहीत." हवालदाराला नाही म्हणायची सोय नव्हती. निघताना त्याने स्वतः गोधडी बांधून दिली आणि म्हणाला, "वहिनी, म्हातारीला सांगा, हवालदारानं पास केलीया."

राजूर

अकोले गावाच्या पुढे घाट आहे. तिथे भट्टीच्या मोटारीचा दम संपला. बाप्यांनी उतरून ढकलली, बायका पायी चालल्या. मला ते फार आवडलं. आषाढात ज्या वाटेने डोळे मिटून आल्यासारखी आले होते, तिथे आता सगळं स्वच्छ होतं. कापलेल्या भातखाचरांच्या पायऱ्या खालपर्यंत उतरत गेलेल्या, बांधावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या डांगी गाई, आणि समोर डोंगरामागे डोंगर. आमच्याकडे नजर टाकली की ती उसात अडकते. इथे ती कुठे अडकवावी तेच कळेना.

राजूरला बाजाराचा दिवस होता. डोंगरातल्या वस्त्यांवरून बायका डोक्यावर हिरड्याच्या आणि वरईच्या पाट्या घेऊन आल्या होत्या. काष्टा आवरलेला, पायात काही नाही, आणि चालणं असं की पाटीला हात लावायची गरज नाही. भाव करताना बाप्यांशी डोळ्याला डोळा भिडवून बोलत होत्या. आमच्याकडे मी कांदे घ्यायला गेले तरी दुकानदाराच्या वजनकाट्याकडे पाहून बोलते.

वस्तीवर पोचलो तर आत्याबाई दारात. माझ्या पायावर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि मला म्हणाल्या, "वाळलीस गं." मुलाशी एकदम बोलल्या नाहीत. नागलीची भाकरी, खेकड्याचं कालवण आणि काळभाताचा भात वाढला. तो भात शिजताना सगळ्या घराला वास सुटतो. आमच्याकडची बाजरीची भाकरी दाताला लागते, नागलीची जिभेवर मऊ उतरते, पण पोटात बराच वेळ राहते. मी तीन खाल्ल्या. आत्याबाईंनी मोजल्या नसाव्यात.

सकाळी ओसरीवर भाताच्या दोन पाट्या पालथ्या घालून त्यांवर आम्ही गल्ली मांडली. हे वस्तीवरच्या माणसांना बोलवायला गेले आणि मी आत भाकऱ्या थापायला बसले. बाहेर बायकांचा गलका ऐकू येत होता, पण मला वाटलं बघायला आल्या असतील.

हात धुऊन बाहेर आले आणि जागच्या जागी थांबले. नवी बैलगाडी दारात आली की इथे तिची पूजा केल्याशिवाय ती हलवत नाहीत. तशी त्यांनी ट्रामची पूजा केली होती. रुळांना टोकापासून टोकापर्यंत तेलात कालवलेली हळद आणि वर कुंकू. वर तार दिसली, मग तिला झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण. पुढे नारळ फोडला होता. गल्ली इतकी सुंदर दिसत होती की रागावता येईना. शेजारची यसाबाई मला म्हणाली, "तोरणाला दोरी आदीच बांधून आनली तुमी, लई बरं झालं बया."

तेवढ्यात हे माणसं घेऊन आले. तोरण पाहून हसले, ते उतरवलं, सेल जोडले. ट्राम हलली नाही. दांडी सरळ केली, तरी नाही. वीसेक माणसं ओसरीखाली उभी होती. आत्याबाई खांबाला टेकून बसल्या होत्या.

"सेल गेले," हे हळूच म्हणाले. "हवालदाराने संपवले." मुंबईला परत जायला दोन दिवस राहिले होते. आता जर नाही तर पुढच्या दिवाळीपर्यंत नाही.

एक म्हातारा म्हणाला, "किसना, बैल जोड बैल!" सगळे हसले.

मला रुळांवरची हळद चकाकताना दिसत होती. परत जायची वाट रुळांतून, हे माझ्या डोक्यात बसलेलं, आणि तीच वाट तेल-हळदीने बुजली होती. मी चुलीतली राख आणली, चिंचेचं बोटूक आणलं, आणि इतक्या माणसांसमोर खाली बसून भांडी घासावीत तसे रूळ घासले, चिंचेने तार पुसली, पदराने कोरडी केली. चाकांनाही हळद होती. माझे कान तापले होते. कोणीतरी म्हणालं, "देवाची हळद पुसती की ही." आत्याबाई तिकडे न बघता म्हणाल्या, "पुसू दे. हळद तिची, घर तिचं."

ट्राम निघाली. जरा मंद, पण निघाली. शेवटच्या खांबापर्यंत गेली आणि थांबली. ओसरीखाली सगळे एकदम बोलायला लागले. बैल जोड म्हणणारा तो म्हातारा तर वाकून तिच्या खिडक्यांत माणसं शोधत होता.

आत्याबाई उठल्या. "गाडी चांगली हाय. पन मला गाडीचं भ्या न्हाई. मला तारंचं भ्या हाय."

ह्यांनी माळा रुळांवर उभा केला. आत्याबाई म्हणाल्या, "हा तर आपला राखणीचा माळा." वर लाकडी माणूस, त्याचा हात तारेला लागलेला. ह्यांनी बॅटरीचा छोटा दिवा काढला, त्याला दोन तारा. एक टोक वरच्या तारेला, एक रुळाला लावलं. दिवा लागला. मग एक टोक वरच्या तारेला आणि दुसरं माळ्याच्या लाकडाला. दिवा नाही.

"बघ आई. लाकडातून वाट नाही. म्हणून मला काही होत नाही."

आत्याबाईंनी दिवा हातात घेतला. स्वतः लावून पाहिला, दोनदा, तीनदा. मग शेजारचा तांब्या उचलला आणि माळ्यावर पाणी ओतलं. लाकडी माणूस भिजला. त्यांनी दिव्याचं टोक त्या ओल्या लाकडाला लावलं. दिवा लागला नाही.

"म्हंजे ओल्यातबी काय होत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मी तसा तो कधीच पाहिला नव्हता. "मंग न्हे बाबा हिला. मी उगीच धरून बसले हुते."

हे गप्प होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी खाली रुळांकडे पाहिलं. माझी मुंबई, माझी खोली, पाणवठ्यावरच्या बायकांना द्यायचं उत्तर, सगळं एवढ्या एका गप्प बसण्याने मिळणार होतं.

माझ्या तोंडून निघालं, "नाही आत्याबाई. हे सेल लहान आहेत म्हणून दिवा लागला नाही. मुंबईच्या तारेला जोर फार. तिथे ओल्या लाकडावर माणूस मरतो. तो गडी तसाच गेला."

यसाबाईने तोंडाला पदर लावला. आत्याबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि मुलाकडे वळल्या.

"खरं का रं?"

"खरं आहे आई. ओल्यावर चढायचं नसतं."

"पन चढत्यात."

"चढतात."

"तुझा बापबी हिरडा उतरायला चढला तवा झाड ओलं हुतं. मी म्हनले उद्या चढा. पन जोरानं म्हनले न्हाई, नवी हुते." त्यांची नजर त्या भिजलेल्या लाकडी माणसावर होती. मला वाटलं संपलं. मी गोधडी पसरून खांब काढायला लागले. हातात दुसरा खांब होता तेव्हा त्या म्हणाल्या,

"किसना, तू आत्ता गप बसलास. मी बघितलं."

ह्यांनी मान खाली घातली.

"तू घाईत चढशील, आन मला कळवशील की समदं बरं हाय. ही तसं करनार न्हाई." मग मला म्हणाल्या, "सरे, जा तू ह्याच्यासंगं. पाऊस असंल त्या दिशी दारात आडवी बस. जोरानं बोल. आत्ता बोललीस तसं."

मी खाली वाकले. त्यांच्या पाया पडले तेव्हा हाताला हळद लागलेली होती, ती त्यांच्या पायाला लागली.

परत

उतरताना गोधडी ह्यांच्या काखेत आणि माझ्या डोक्यावर काळभाताचं गाठोडं, ते गोधडीपेक्षा कितीतरी जड. घाटात हे म्हणाले, "मी बोलणारच होतो." मी म्हटलं, "हो." थोडं पुढे गेल्यावर हेच म्हणाले, "नसतो बोललो बहुतेक." मग आम्ही दोघेही डोंगराकडे बघत चाललो. संगमनेरला तो हवालदार दिसला नाही. त्याला सांगायचं राहिलं.

हे खोली बघायला पुढे गेले आहेत. मी पौषाच्या आधी निघेन. बहिणीबाई, ट्राम तुझ्यासाठी ठेवून जाते आहे. हुकाची खाच वर असू दे, आणि रुळांना तेलाचा हात लावू नकोस.

माळा मात्र त्या गोधडीत नाही. निघायच्या सकाळी मी त्याचा खिसा रिकामा पाहून शोधाशोध केली. आत्याबाई म्हणाल्या, "तो ऱ्हाऊ दे हितं." चुलीवर धुराने काळी झालेली एक फळी आहे. डोंगरातला पाऊस चार महिने घरात शिरतो, तेव्हा मीठ आणि काडेपेटी कोरडी राहावीत म्हणून तिथे ठेवतात. मी वर पाहिलं. मिठाचं गाडगं, काडेपेटी, आणि दोघांच्या मधे माळ्यावर तो लाकडी माणूस, हात वर केलेला, पुसून कोरडा केलेला.